मरळीचा माग : देहूचा डोह ते मेरीलँडचे खाजण

गेल्या श्रावणात अमेरिकेहून भाच्याचा फोन आला. येत्या मे महिन्यात मी बहिणीकडे मेरीलँडला जाणार, हे त्याला ठाऊक होते. म्हणाला, "मामा, तू आलास की आपण दोघांची कयाक घेऊन ब्लॅकवॉटरच्या खाजणात मासे धरायला जाऊ." कोणता मासा, असे विचारले, तर म्हणाला, "स्नेकहेड. म्हणजे तुमची मरळच. इथे ती धरून मारली तर सरकार खूश होते."

मी देहूचा. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी आणि गळ्यात माळ. लहानपणी वडिलांचे बोट धरून इंद्रायणीच्या घाटावर जायचो आणि डोहातल्या माशांना चुरमुरे टाकायचो. काळसर पाठीचे मोठाले मासे पायरीपर्यंत येत. वडिलांनी एकच नियम शिकवला होता : या माशांना हात लावायचा नाही. ज्या डोहात तुकोबांच्या गाथेच्या वह्या बुडाल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, असे आमचे गाव मानते, तिथले मासेही देवाचेच. अशा माणसाला मासा मारायच्या सहलीचे आमंत्रण! हो किंवा नाही म्हणण्याआधी मी इतिहासाच्या मास्तराला सुचेल तेच केले. त्या माशाचे जुने उल्लेख शोधायला बसलो.

सर्वांत जुना धागा सापडला तो कल्याणीच्या चालुक्यांपाशी. सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकाला तो गीतविनोदातल्या जुन्या मराठी ओळींमुळे माहीत असतो. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा एक भाग आहे. नदीतले मासे कोणते, समुद्रातले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय आमिष लावावे, काठी आणि दोरी कशी असावी, हे सारे राजाने लिहून ठेवले आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या भागावर सविस्तर लेख लिहिला. म्हणजे गळाने मासे धरण्याची हौस आणि तिचे शास्त्र दख्खनला परके नाही. त्याच्या कितीतरी आधी सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक तिथींना मासे मारू नयेत, विकू नयेत, असे कोरवले होते. माशाचा विनोद आणि माशाचे अभय, या दोन्ही परंपरा आपल्याकडे शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

दुसरा धागा कंपनी सरकारच्या काळातला. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. गावे, पिके, पर्जन्यमान यांच्याबरोबर त्यांनी पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध १८३८ च्या नोव्हेंबरात लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे वाचला गेला. त्यात मला भावली ती एक गोष्ट : अनेक माशांना शास्त्रीय नाव देताना साइक्स यांनी आपल्याकडच्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिनच्या पंगतीत बसवली. कोळशी, खुदरी, फुलुंगी, शिंगटी असे ओळखीचे शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात गेले ते असे. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महाशीर आजही 'टोर खुदरी' याच नावाने ओळखला जातो. मरळीच्या कुळातल्या एका माशाला मात्र त्यांनी अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून लॅटिन नाव दिले. खुदरी आणि मरळ एकाच निबंधात, कारण दोन्ही एकाच भीमा खोऱ्यातल्या.

पण या दोन माशांचा स्वभाव अगदी वेगळा. महाशीर वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. पाण्यातला प्राणवायू उतरला की तो गुदमरतो. मरळीला कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेने श्वास घेण्यासाठी खास कप्पा असतो. ती अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेते. गढूळ तळे, आटते डबके, शेवाळाने कोंडलेला नाला, सगळीकडे ती तग धरते. म्हणूनच बाजारात मरळ ओल्या टोपलीतही बराच वेळ जिवंत राहते, आणि जिवंत मिळते म्हणून तिला भाव येतो. आजाऱ्याला मरळीचा रस्सा द्यायची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. चीनमध्येही या कुळातल्या माशाचे सूप आजारातून उठलेल्याला देतात.

ही रीतच अमेरिकेतल्या गोष्टीचे मूळ ठरली. तिथली जात आपल्या मरळीची उत्तरेकडची बहीण. तिचे मूळ चीन, कोरिया आणि रशियाच्या पूर्व भागात. मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावी एका माणसाने आजारी बहिणीच्या सुपासाठी न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन मासे जिवंत आणवले. तोवर बहीण बरी झाली. मासे काही दिवस घरात पाळले आणि मग गावच्या तळ्यात सोडून दिले. २००२ मध्ये एका मच्छीमाराच्या गळाला त्यातला एक लागला. शोध घेतला तर तळ्यात पिल्लेच पिल्ले. त्या सप्टेंबरात सरकारने तळ्यात विष घालून सगळे मासे मारले आणि त्याच वर्षी देशभर या कुळाच्या जिवंत आयातीवर बंदी आली. तरी २००४ मध्ये पोटोमॅक नदीत ती सापडलीच आणि पुढे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये पसरली. आता मेरीलँडमध्ये ती जिवंत बाळगणे आणि जिवंत नेणे गुन्हा आहे. धरली की मारायची, आणि जमल्यास खायची. लोकांनी ती आवडीने खावी म्हणून २०२४ मध्ये विधिमंडळाने तिचे नवे बाजारी नाव ठरवले : 'चेसापीक चन्ना'.

त्या पार्श्वभूमीवर आमची योजना सुरू झाली. दर रविवारी भाचा नकाशा उघडून बसतो. ब्लॅकवॉटर हे १९३३ पासूनचे अभयारण्य, केंब्रिज गावाजवळचे. आपल्या कोकणातल्या खाजणासारखेच. कांदळवनाऐवजी उंच गवत, आणि त्यातून फिरणारे भरती-ओहोटीचे पाणी. मासा गोड्या पाण्याचा असला तरी थोडा खारटपणा सोसतो. भाच्याचे गणित सोपे आहे : भरतीला मासे गवतात शिरून पांगतात, ओहोटी लागली की पाण्याबरोबर चरांच्या तोंडाशी येतात. म्हणून ओहोटी सुरू होण्याच्या सुमारास चराच्या तोंडाशी पोचायचे आणि पाणी फार उतरण्याआधी निघायचे, नाहीतर कयाक चिखलात रुतेल. वारा जोरात असेल तर जायचेच नाही. आमिष म्हणून रबरी बेडूक गवतावरून ओढायचा. माशाने झडप घातली की क्षणभर थांबून मग झटका द्यायचा. हे ऐकून मी हसलो. आपल्याकडेही मरळीच्या गळाला बेडूकच लावतात. सोबत तरंगते जॅकेट, बर्फाची पेटी आणि सुरी. सुरीचे नाव निघाले की मी गप्प होतो.

कारण माझ्या डोळ्यांपुढे आमचा डोह येतो. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावापाशी उगम पावते आणि तुळापूरला भीमेला मिळते. याच नदीवर लोणावळ्याला वळवणचे धरण आहे आणि तिथे १९७०च्या दशकापासून टाटांच्या वीज कंपनीने महाशीरची पैदास चालवली. लाखो पिल्ले तिथून देशभर गेली. त्यातली काही कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण आज कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि बाहेरून आलेली आपली खुदरी हे त्यामागचे एक कारण मानले जाते. देहूत जो मासा देवाचा, तो कावेरीत पाहुणा होऊन घर बळकावणारा ठरला. मेरीलँडच्या मरळीला नावे ठेवण्याआधी हे आठवावे लागते.

आणि त्याच नदीवर, वळवणच्या खाली, आमच्या देहू-आळंदीकडे अलीकडच्या वर्षांत काय दिसते? पाण्यावर फेस आणि काठाला मरून लागलेले मासे. गळ कोणीच टाकला नाही. वरच्या अंगाची वाढती गावे, शहरे आणि कारखानदारी यांचे सांडपाणी नदीत आले आणि पाण्यातला प्राणवायू गेला. हवेवर जगणारी मरळ कदाचित निभावेल. वाहत्या स्वच्छ पाण्याचा महाशीर निभावणार नाही. साइक्स यांच्या निबंधातल्या या दोन माशांपैकी कोणता उरतो, यावरून नदीचे दोनशे वर्षांचे वय वाचता येते.

आमच्या पूर्वजांचे अभय खरेच होते. त्यांच्या काळी माशाला धोका होता तो गळाचा आणि जाळ्याचा, म्हणून त्यांनी हात आवरला आणि तेवढे पुरले. आज धोका पाण्यातून येतो, आणि आम्ही मात्र अजून हातच आवरून बसलो आहोत. मेरीलँडच्या लोकांनी मासा मारायचा ठरवला तो नदीतले बाकीचे मासे वाचावेत म्हणून. त्यांचा उपाय मला गोड वाटत नाही. पण ते नदी समोर ठेवून विचार करतात आणि आम्ही फक्त मासा. देहूच्या नियमात मला एक ओळ वाढवावीशी वाटते : माशाला हात लावायचा नाही, आणि त्याच्या पाण्यालाही नाही.

भाच्याला मी होकार कळवला आहे. कयाकमध्ये पुढे बसेन, वल्हे मारीन, भरतीचा तक्ता सांभाळीन. गळ आणि सुरी त्याच्या हाती. बदल्यात मी एक अट घातली. पुढच्या दिवाळीत त्याने इकडे यायचे आणि आम्ही दोघांनी वळवणपासून तुळापूरपर्यंत इंद्रायणीच्या काठाने चालायचे, प्रत्येक मोठा नाला जिथे नदीला मिळतो ती जागा वहीत टिपत. तो म्हणाला, "मामा, तिथे मासे धरायचे नाहीत ना?"

म्हटले, "नाही. आधी आहेत का ते बघायचे."