इंजिनच्या सिलिंडरला तडा : दुरुस्ती की बदल?

घाटाच्या चढणीवर अथवा भर उन्हातील वाहतूक कोंडीत गाडी तापते, बॉनेटखालून वाफ येऊ लागते आणि दोन दिवसांनी गॅरेजमधून निरोप येतो, 'ब्लॉकला क्रॅक आहे.' वाहनधारकाच्या खिशाला याहून मोठा धक्का देणारे निदान क्वचितच असेल. त्यापाठोपाठ परस्परविरोधी सल्ले सुरू होतात. एक मेकॅनिक वेल्डिंग करून घ्या म्हणतो, तर दुसरा 'हाफ इंजिन'च बदलून टाका असे सांगतो. दोन्ही सल्ले आपापल्या जागी योग्य असू शकतात. मात्र हा निर्णय तडा किती लांब आहे यावर घ्यायचा नसतो. तो कोठे पडला आणि कशामुळे पडला, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तो घ्यावा लागतो.

तड्याची खात्री आधी

इंजिनातील पाणी वारंवार कमी होणे, सायलेन्सरमधून पांढरा धूर येणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसणे, ऑइल दुधाळ होणे ही तड्याची लक्षणे मानली जातात. परंतु ब्लॉक आणि हेड यांच्यामधील गॅस्केट जळाल्यासही नेमकी हीच लक्षणे दिसतात. आजच्या बहुतेक मोटारींचे हेड ॲल्युमिनिअमचे असते. ॲल्युमिनिअम उष्णतेने बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे इंजिन तापल्यावर प्रथम हेड वाकते व गॅस्केट निकामी होते. ब्लॉकला तडा जाणे ही त्यापुढची पायरी होय. गॅस्केट बदलण्याचा आणि ब्लॉक बदलण्याचा खर्च यांत मोठी तफावत असल्याने केवळ लक्षणांवरून निर्णय घेणे महागात पडते.

खात्रीसाठी काही सोप्या चाचण्या आहेत. रेडिएटरवर हातपंप लावून दाब टिकतो की उतरतो हे पाहता येते. कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजता येतो. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेले निळे रसायन पिवळे पडले, तर जळलेला वायू पाण्यात मिसळत असल्याचे सिद्ध होते. इंजिन उघडल्यावर संशयास्पद भागावर रंगीत भेदक द्रव लावून पुसला व वरून पांढरी पावडर फवारली, की केसाएवढा बारीक तडाही रेघेसारखा उमटतो. 'डाय टेस्ट' या नावाने ही चाचणी ओळखली जाते.

जागेला महत्त्व का?

सिलिंडरच्या भोवती पाणी खेळण्यासाठी पोकळी असते. तिच्या बाहेरच्या भिंतीवर पडणारा दाब रेडिएटरच्या झाकणाने मर्यादित केलेला असतो व तो साधारणतः वातावरणाच्या दाबाएवढाच अधिक असतो. याउलट सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर इंधनाच्या ज्वलनाचा थेट आघात होतो. पेट्रोल इंजिनात हा दाब वातावरणाच्या ४० ते ६० पट, तर आधुनिक डिझेल इंजिनात शंभर पटींहून अधिक होतो. तोही मिनिटाला शेकडो, प्रसंगी हजारो वेळा. शिवाय याच भिंतीवरून पिस्टनच्या रिंगा घासत जातात. म्हणूनच बाहेरच्या भिंतीवरील वीतभर तडा दुरुस्त होऊन वर्षानुवर्षे टिकू शकतो, तर आतल्या भिंतीवरील बोटभर तडा वेल्डिंगला दाद देत नाही.

तिसरी जागा सर्वांत गंभीर. क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगच्या बैठकीला अथवा हेडचे बोल्ट जेथे आवळले जातात तेथे तडा असेल, तर ब्लॉक बदलणे हाच सुज्ञ मार्ग. येथे दुरुस्ती फसली तर केवळ पाणी गळत नाही, तर धावत्या गाडीचे इंजिन जाम होण्याचा धोका असतो.

बिडाचे वेल्डिंग अवघड का?

पारंपरिक ब्लॉक बिडाचा असतो. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो व तो पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूभर विखुरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, पण ताण सहन करत नाही. वेल्डिंगच्या ज्योतीने एक जागा तापली आणि आजूबाजूचा भाग थंड राहिला, की निवताना सांध्याशेजारचा धातू कडक व ठिसूळ बनतो. अनेकदा जुन्या तड्याच्या शेजारीच नवा तडा जातो. 'वेल्डिंग केले, पण महिन्यात पुन्हा गळती' ही तक्रार मुख्यतः त्यातूनच उद्भवते.

हे टाळण्यासाठी संपूर्ण ब्लॉक भट्टीत तापवून वेल्डिंग करावे आणि नंतर तो वाळूत अथवा राखेत पुरून सावकाश निवू द्यावा, ही शास्त्रशुद्ध पद्धत. निकेलयुक्त रॉड वापरून थोडे थोडे वेल्डिंग करत जाणे हा दुसरा मार्ग. दोन्ही प्रकारांत तड्याच्या टोकांना आधी छिद्रे पाडणे आवश्यक असते. त्यामुळे तडा पुढे सरकण्याचे थांबते. भट्टीत तापवलेल्या ब्लॉकचे मूळ मोजमाप थोडे बदलू शकते. म्हणून नंतर त्याचे पृष्ठ व बोअर पुन्हा मशीनवर तपासून घ्यावे लागतात.

उष्णतेविना तडा सांधण्याची पद्धतही आहे. 'मेटल स्टिचिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तंत्रात तड्याच्या रेषेवर एकमेकांत गुंतलेली छिद्रे पाडून त्यांत आटे असलेल्या पिना बसवतात आणि आडव्या धातूपट्ट्यांनी दोन्ही कडा जखडतात. विशेषतः जहाजांची व कारखान्यांतील अवजड इंजिने जागेवरच दुरुस्त करण्यासाठी हे तंत्र वापरले जाते. धातू तापवावा लागत नसल्याने तो वाकण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

ॲल्युमिनिअमच्या ब्लॉकवर आर्गन वेल्डिंग करता येते. मात्र त्यासाठी तेलाचा अंशही शिल्लक राहणार नाही इतकी स्वच्छता आणि कुशल कारागीर हवा. रेडिएटरमध्ये ओतायच्या गळतीरोधक पावडरी व बाहेरून लावायचे लांबी-लेप हे गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरते उपाय होत. अशा पावडरीने रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबून इंजिन अधिकच तापल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांच्या परिचयाची आहेत.

स्लीव्हचा मधला मार्ग

आतल्या भिंतीला तडा असला, तरी प्रत्येक वेळी ब्लॉक भंगारात काढावा लागत नाही. सिलिंडर मोठा बोअर करून त्यात बिडाची नवी नळी, म्हणजेच स्लीव्ह, दाबून बसवता येते. नंतर तिला मूळ मापापर्यंत घासून गुळगुळीत करतात. भोवताली पुरेशी जाड भिंत शिल्लक असेल आणि तडा वरच्या पृष्ठावर शेजारच्या सिलिंडरपर्यंत पोहोचलेला नसेल, तर हा पर्याय टिकाऊ ठरतो. ट्रॅक्टर, ट्रक व अनेक मोठ्या डिझेल इंजिनांत मुळातच सुटे 'वेट लायनर' असतात. तेथे तडा लायनरला गेला असेल, तर लायनर, पिस्टन व रबरी सील बदलले की काम भागते आणि ब्लॉकला हात लावावा लागत नाही.

दुचाकीचा हिशेब आणखी सोपा. गॅरेजमध्ये जिला 'ब्लॉक' म्हणतात ती दुचाकीची सुटी सिलिंडर नळी पिस्टनसह नवी मिळते. थंडाव्यासाठी असलेल्या बाहेरील पंखांचा तुकडा उडाला तर बिघडत नाही. मात्र नळीला तडा असल्यास ती बदलणेच स्वस्त पडते.

खर्चाचा खरा हिशेब

दुरुस्ती व बदल यांची तुलना करताना केवळ वेल्डिंगचे बिल आणि नव्या ब्लॉकची किंमत समोर ठेवली जाते. ही तुलना फसवी आहे. इंजिन उतरवणे, उघडणे, गॅस्केटचा संच, रिंगा, बेअरिंग, ऑइल व पुन्हा जोडणी हा खर्च दोन्ही पर्यायांत जवळपास सारखाच असतो. दुरुस्ती फसली तर तो सगळा दुसऱ्यांदा करावा लागतो. ज्यांचे पोट गाडीवर अवलंबून आहे, अशा टॅक्सी-टेम्पोचालकांच्या बाबतीत बुडालेल्या दिवसांची कमाईही त्यात धरली पाहिजे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते. ती मुदत जवळ आलेल्या गाडीला नवा ब्लॉक घालणे अनेकदा परवडत नाही.

उलट, जुन्या गाड्यांचा ब्लॉक सहजी मिळत नाही आणि दुरुस्ती हाच मार्ग उरतो. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारखी गाडी हौसेने जपणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

कागदपत्रांची बाजू

मोटारीचा इंजिन क्रमांक सहसा ब्लॉकवरच कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांक जुळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील अशा बदलांविषयीची तरतूद आहे. त्यामुळे आरटीओकडे रीतसर नोंद करणे व विमा कंपनीला कळवणे आवश्यक ठरते. जुन्या बाजारातून ब्लॉक घेताना क्रमांक नमूद असलेले बिल घ्यावेच. अन्यथा चोरीच्या गाडीचा ब्लॉक पदरी पडण्याची भीती असते. दुचाकीत हा क्रमांक सहसा खालच्या क्रँककेसवर असल्याने सिलिंडर बदलल्याने अडचण येत नाही.

विम्याबाबतही गैरसमज आहेत. नेहमीची वाहन विमा पॉलिसी यांत्रिक बिघाड भरून देत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना स्टार्टर मारला, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि प्रसंगी ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. हे नुकसान चालकाच्या कृतीमुळे झाले असे म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न न करता ओढून नेणे हाच शहाणपणा.

निर्णयापूर्वी मेकॅनिकला चार प्रश्न विचारावेत. तडा डाय टेस्टमध्ये दिसला का? तो नेमक्या कोणत्या भिंतीवर आहे? दुरुस्तीनंतर ब्लॉकची दाब चाचणी जोडणीपूर्वी होणार का? आणि इंजिन तापण्याचे मूळ कारण, मग ते पंखा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप वा तुंबलेला रेडिएटर असो, सापडले का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसेल, तर नवा ब्लॉकही जुन्याच्याच वाटेने जाण्याची शक्यता असते.