चित्रफीत संपादन, संगणकीय

कॅमकॉर्डरने घेतलेले चित्रण संगणकात उतरवून त्यातील दृश्ये निवडणे, कापणे व जुळविणे या क्रियांना संगणकीय चित्रफीत संपादन म्हणतात. यांपैकी चित्रण संगणकात उतरविण्याची पहिली पायरी दीर्घकाळ सर्वांत अवघड होती. ती सुलभ झाल्यावरच संपादन व्यावसायिक संस्थांबाहेर पडून सर्वसामान्यांच्या हाती आले.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये सुमारे ५ सेंमी. रुंदीच्या चुंबकीय फितीवर दूरचित्रवाणीचे चित्र मुद्रित करणारे यंत्र व्यवहारात आणले. चुंबकीय मुद्रण डोळ्यांना दिसत नसल्याने प्रारंभी फितीवर लोहकणयुक्त द्रव लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने कापावी लागे. पुढे हवी ती दृश्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रातील फितीवर क्रमाने उतरविण्याची पद्धत रूढ झाली. तीत प्रत्येक नव्या प्रतीबरोबर चित्राचा दर्जा घटे व मधल्या दृश्याची लांबी बदलल्यास पुढील भाग पुन्हा मुद्रित करावा लागे. १९७१ मधील सीएमएक्स ६०० या यंत्रणेने चकत्यांवर साठविलेले कोणतेही दृश्य तत्काळ काढण्याची सोय केली. परंतु ती अतिशय महाग होती.

घरगुती कॅमकॉर्डर : कॅमेरा व मुद्रक एकत्र असलेले सोनी कंपनीचे बीटामूव्ही हे उपकरण १९८३ मध्ये आले. त्यातून मुद्रण होई, परंतु फीत लावून पाहता येत नसे. १९८५ पासून ८ मिमी. फितीचे लहान कॅमकॉर्डर प्रचारात आले. भारतात रंगीत दूरचित्रवाणी १९८२ मध्ये सुरू झाल्यानंतर लग्नसमारंभांच्या चित्रफिती काढण्याची प्रथा रुळली.

संगणकात उतरविणे : जुन्या फितीवरील संदेश अंकांत बदलण्यासाठी संगणकात स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीतील चित्र संक्षेप न करता साठविल्यास दर सेकंदास सुमारे २० मेगाबाइट जागा लागते. १९९० च्या सुमारास घरगुती संगणकांना हे झेपत नसल्याने चित्र लहान व अडखळते येई. १९९५ मधील डीव्ही पद्धतीत अंकीकरण व संक्षेप कॅमेऱ्यातच होऊ लागले आणि फायरवायर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तारेने तेच अंक संगणकात जसेच्या तसे येऊ लागले. त्यामुळे प्रतीगणिक होणारी दर्जाची घट थांबली. मात्र तासाभराची फीत उतरविण्यास तासच लागे व तिला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागे. संगणक मागे पडल्यास मधल्या चौकटी गळत. फॅट३२ या संचिकापद्धतीत एका संचिकेची मर्यादा ४ गिगाबाइट असल्याने सुमारे २० मिनिटांनंतर चित्रणाचे तुकडे करावे लागत. ॲपलच्या आयमूव्ही (१९९९) व मायक्रोसॉफ्टच्या मूव्ही मेकर (२०००) या सोप्या आज्ञावलींमुळे ही कामे घरोघरी होऊ लागली.

२००६ मध्ये एव्हीसीएचडी पद्धती आली व फितीऐवजी स्मृतिकार्डे रूढ झाली. नक्कल काही मिनिटांत होऊ लागली. परंतु या पद्धतीत अनेक चौकटी शेजारच्या चौकटींशी असलेल्या फरकाच्या रूपात साठविल्या जात असल्याने संपादनाचा भार संगणकावर वाढला.

जतन : फितींचे आयुष्य मर्यादित आहे आणि त्या चालविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. जपानमधील फुनाई कंपनीने व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन २०१६ मध्ये थांबविले. चुंबकीय फितींवरील संग्रह २०२५ पर्यंत अंकीय रूपात न आणल्यास त्यांपैकी बरेचसे कायमचे गमावण्याचा धोका आहे, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्ये दिला होता. त्यामुळे एकेकाळी संपादनाची केवळ पूर्वतयारी असलेली ही पायरी आता जतनाचे मुख्य साधन ठरली आहे. संपादन आज्ञावलीच्या प्रकल्प-संचिकेत सामान्यतः केवळ कापण्या-जोडण्याच्या सूचना असतात, चित्रण नसते. म्हणून उतरविलेले मूळ चित्रण अखंड व एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे आवश्यक ठरते.