गुडघ्याच्या अस्थिसंधिशोथातील अंतःक्षेपण चिकित्सा

गुडघ्याच्या सांध्याच्या पोकळीत सुईवाटे औषध सोडून वेदना व सूज कमी करण्याची पद्धत. अस्थिसंधिशोथात हाडांच्या टोकांवरील कूर्चा झिजते, कडांना हाडाची वाढ होते आणि सांध्यातील वंगणद्रव पातळ होतो. वाढते वय, लठ्ठपणा, जुनी इजा व गुडघे दुमडून दीर्घकाळ करावे लागणारे काम यांमुळे हा विकार संभवतो [⟶ संधिशोथ].

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा प्रामुख्याने भात पिकवणारा आहे. तेथे रोवणीच्या वेळी बांधीतील चिखलात वाकून आणि निंदणाच्या वेळी उकिडवे बसून काम करावे लागते. अशा श्रमिकांच्या दृष्टीने या चिकित्सेचे मोल तिच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

इतिहास : अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व एडवर्ड केंडल यांनी १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांवर कॉर्टिसोनाचा प्रथम उपयोग केला. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना टाडेउश राइखश्टाइन यांच्यासमवेत १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. औषध जागच्या जागी कार्य करीत असल्याने सर्व शरीरावरील दुष्परिणाम कमी होत. म्हणून ही पद्धत लवकरच रूढ झाली. मात्र मिळणारा आराम बहुधा काही आठवड्यांपुरताच असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत १४० रुग्णांना दोन वर्षे दर १२ आठवड्यांनी स्टेरॉइड किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी देण्यात आले. स्टेरॉइड गटात कूर्चेची झीज अधिक झाली व वेदनांत विशेष फरक आढळला नाही.

हायल्युरॉनिक अम्ल : कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या डोळ्यांतील काचाभ द्रवातून हे द्रव्य वेगळे केले. ते वंगणद्रवाचाही घटक असल्याने ते बाहेरून पुरवण्याची कल्पना एंड्रे बालाझ यांनी विकसित केली. प्रथम घोड्यांवर आणि पुढे माणसांवर त्याचा वापर झाला. कोंबड्याच्या तुऱ्यापासूनही ते मिळवत. अमेरिकेत त्यास १९९७ मध्ये मान्यता मिळाली. तथापि २०२२ मधील १६९ चाचण्यांच्या समालोचनात त्याचा वेदनाशामक परिणाम रुग्णाला जाणवण्याइतका मोठा नसल्याचे दिसले.

बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव : यात रुग्णाच्याच रक्तातून वेगळे काढलेले बिंबाणू सांध्यात सोडतात. ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत (२०२१) एका वर्षानंतर वेदना व कूर्चा यांबाबतीत ते मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. मिठाच्या पाण्यानेही पुष्कळांना बरे वाटते. म्हणून अशी तुलना आवश्यक असते.

मूल्यमापन : यांपैकी कोणत्याही अंतःक्षेपणाने झिजलेली कूर्चा भरून येते, असे सिद्ध झालेले नाही. सांध्यात जंतुसंसर्ग असल्यास स्टेरॉइड देत नाहीत. मधुमेहात त्यामुळे रक्तशर्करा काही दिवस वाढते. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन घटवणे व उकिडवे बसणे टाळणे हे उपचारांचे मूळ अंग असून विकार बळावल्यास सांधारोपणाची शस्त्रक्रिया करतात. गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि रोजंदारीवर जगणाऱ्या रोवणी करणाऱ्या स्त्रीला विश्रांती परवडत नाही. वेदना शमताच ती पुन्हा बांधीत उतरते आणि झीज चालूच राहते. म्हणून अंतःक्षेपणाने मिळालेला अवधी हा व्यायाम सुरू करण्याचा काळ समजावा, गुडघा बरा झाल्याचे लक्षण समजू नये.