लिंबूटिंबूवर राज्य

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, ठरलेल्या क्रमात जरा बदल झाला की कासावीस होणारी अशी ही मुलं होती. ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, इतिहास बहुतेक जण इथूनच सांगायला सुरुवात करतात. त्या ११ जणांत ८ मुलगे होते आणि ३ मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी ज्या चौघांचं तपशिलात वर्णन केलं, ते चौघेही मुलगे. मॉस्कोतल्या डॉ. ग्रुन्या सुखारेव्हा यांनी १९२०च्या दशकातच अशा मुलग्यांबद्दल आणि मुलींबद्दलही लिहून ठेवलं होतं. पण त्यांचं लिखाण अनेक दशकं अडगळीत राहिलं. डॉक्टरांच्या डोक्यात जे चित्र पक्कं बसलं, ते मुलग्याचं.

चित्र एकदा बसलं की मोजणीही त्यावरूनच होते. दर चार मुलग्यांमागे एक मुलगी, हे प्रमाण कितीतरी वर्षं सांगितलं जात होतं. २०१७ साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा ते तीनास एकच्या जवळ असल्याचं दिसलं, आणि मुलींचं निदान हुकतं हेही. एडीएचडीचं वेगळं काही नाही. बाकांवरून उड्या मारणारा मुलगा शिक्षकांना लगेच दिसतो. खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात दहा गावं फिरून येणारी मुलगी 'हुशार आहे, पण जरा धांदरट' एवढ्यावर सुटते.

मी अशीच सुटले होते. मला एडीएचडी असल्याचं कळलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. निदानानंतर एका रात्री मी एक यादी केली: आयुष्यात आजवर कुठेकुठे मला आपण विचित्र आहोत असं वाटलं नाही? त्यातल्या निम्म्याहून जास्त जागा व्हिडिओ गेममधल्या निघाल्या. आधी जरा लाज वाटली. मग शोधायला लागले, तेव्हा लक्षात आलं की ही काही माझ्या एकटीची यादी नाही.

दुसरी मोजणी

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. गेम हा सुरुवातीपासून मुलग्यांचा प्रांत नव्हता. १९८० साली जपानमध्ये 'पॅक-मॅन' आला. तो बनवणाऱ्या तोरू इवातानी यांना बायका आणि जोडपीही खेळायला यावीत, असा गेम हवा होता. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स यांनी नवऱ्याच्या मदतीने 'मिस्टरी हाउस' हा चित्रं असलेला साहसी गेम केला. १९८१च्या 'सेंटिपीड'मागे डोना बेली होत्या. अटारीच्या आर्केड विभागात प्रोग्रामिंग करणारी तेव्हा ती एकटीच बाई.

मग १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला. दोन वर्षांनी निन्टेंडो तिथे आपलं यंत्र घेऊन आलं, ते खेळणं म्हणून. आता खेळण्यांच्या दुकानात फडताळं दोनच, मुलग्यांचं आणि मुलींचं. गेम पहिल्यात जाऊन बसले. १९८९ साली हातात मावणारं यंत्र आलं, त्याचं तर नावच 'गेम बॉय'. मुली खेळत होत्याच, फक्त जाहिरातीत दिसेनाशा झाल्या.

म्हणजे दवाखान्यात एक मोजणी चालू होती आणि बाजारात दुसरी. दोन्हींत मुलगे दिसत होते. जिचा मेंदू वेगळ्या रीतीने चालतो आणि जी गेम खेळते, अशी मुलगी दोन्ही वह्यांतून निसटली.

न लिहिलेले नियम

मराठी मुलांच्या खेळात लिंबूटिंबू नावाची एक जागा असते. कुणाचा तरी धाकटा भाऊ, कुणाची तरी 'जरा वेगळी' बहीण. तिला खेळायला घेतात, पण ती आउट होत नाही आणि तिच्यावर राज्यही येत नाही. वरून पाहिलं तर हा दयाळूपणा वाटतो. पण ज्या खेळात तुमच्यावर राज्य येत नाही, त्या खेळात तुम्ही नसताच.

न्यूरोडायव्हर्जंट मुली पुष्कळदा अशा लिंबूटिंबू असतात, आणि ते कळू नये म्हणून आटापिटा करतात. चार लोकांत कसं वागावं, कधी हसावं, किती बोलावं हे त्या दुसऱ्यांचं बघून पाठ करतात. याला आता मास्किंग म्हणतात. मुलग्यांनाही ते करावं लागतं, पण 'मुलीच्या जातीला हे शोभत नाही' हे वाक्य मुलींनाच ऐकू येतं. नियमाचं पुस्तक कुणी हातात देत नाही; चुकलं की शिक्षा मात्र लगेच होते.

गेममध्ये नेमकं याच्या उलट असतं. नियम आधी सांगितलेले असतात. चुकलात तर पुन्हा सुरू करा, कुणी तोंड फिरवत नाही.

१९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचा गेम सुरू केला. अनेकांनी एकाच वेळी खेळायचं ते एक जग होतं, आणि सगळंच्या सगळं अक्षरांत. पुढे असे शेकडो गेम निघाले. तिथे हसायचं असेल तर 'हसते' असं टाइप करावं लागे. समोरच्याच्या भुवईवरून मन ओळखायची गरज नाही, नजरेला नजर नाही, उत्तर सुचायला दोन मिनिटं लागली तरी चालतं. १९९०च्या दशकात अशाच ऑनलाइन लेखी गप्पांमधून ऑटिस्टिक माणसं एकमेकांना सापडली. 'न्यूरोडायव्हर्सिटी' ही कल्पना तिथेच आकाराला आली आणि १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर यांच्या प्रबंधात तो शब्द आला.

२००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. तिथल्या भुयारांत पाच जणांच्या गटाने उतरायचं. मार झेलायला एक टँक, जखमा भरायला एक हीलर, उरलेले तिघं हल्ल्याला. हीलरचं लक्ष ढळलं की पाचही जण मेले. मला या गेममधली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. इथे लिंबूटिंबूवर राज्य येतं. तुमचं काम काय ते नावासकट ठरलेलं असतं, आणि तुमच्यावाचून अडतं.

दुसऱ्या टोकाला 'ॲनिमल क्रॉसिंग'. चिबाहून क्योटोला निन्टेंडोत नोकरीला आलेल्या कात्सुया एगुची यांना घरच्यांची आणि मित्रांची फार आठवण येई. त्या एकटेपणातून हा गेम सुचला. २००१ साली जपानमध्ये आला. शत्रू नाही, हार नाही; मासे पकडा, कीटक गोळा करा, शेजारच्या प्राण्यांशी बोला. त्यांचा राग-आनंद चिन्ह होऊन डोक्यावर उमटतो. महिनाभर फिरकला नाहीत तर अंगणात तण माजतं आणि शेजारी म्हणतात, बरेच दिवस दिसली नाहीस. मैत्रिणींच्या मेसेजला उत्तर द्यायला विसरणाऱ्या माझ्यासारखीला ते तण उपटणं फार सोपं वाटतं. माफी कशी मागायची हे तिथे स्पष्ट असतं. २०२०च्या मार्चमध्ये, जग घरात कोंडलं जात असताना, त्याचा नवा भाग आला आणि पुढे ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. ठरलेल्या दिनक्रमाचा आधार तेव्हा सगळ्यांनाच हवासा झाला होता.

भाड्याचं घर

पण हा इतिहास सरळ वर चढत जात नाही. २००२ साली एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झालं, सोबत कानाला लावायचा हेडसेट घेऊन. अक्षरांच्या जागी आवाज आला. तंत्रज्ञान पुढे गेलं, आणि ज्यांना विचार करून बोलायला वेळ लागतो त्यांचा आडोसा गेला. शिवाय आवाज बाईचा आहे हे कळताच शिव्या आणि अश्लील शेरे सुरू होत. माइक बंद ठेवणं हे मग नवं मास्किंग झालं. २०१४च्या 'गेमरगेट' प्रकरणात तर गेम बनवणाऱ्या आणि त्यावर लिहिणाऱ्या बायकांना खुनाच्या, बलात्काराच्या धमक्या आल्या.

आणि घर भाड्याचं असतं. 'सिटी ऑफ हीरोज'चे सर्व्हर कंपनीने ३० नोव्हेंबर २०१२ला बंद केले. तिथे आठ वर्षं रोज भेटणाऱ्यांचं शहर एका रात्रीत नाहीसं झालं. जागतिक आरोग्य संघटनेने आता गेमिंगच्या विकाराची नोंद केली आहे, तीही थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही. एडीएचडी असलेला मेंदू एकदा रमला की जेवणवेळ उलटून जाते, आणि ते हेरून पैसे काढणारे गेम आपल्या फोनमध्ये भरपूर आहेत.

तरी २०१३ साली सुरू झालेलं 'ऑटक्राफ्ट' मला आशेचं वाटतं. माइनक्राफ्टच्या खुल्या सर्व्हरवर ऑटिस्टिक मुलांना छळलं जातं असं त्यांचे आईवडील सांगत होते. ते ऐकून कॅनडातल्या स्टुअर्ट डंकन यांनी फक्त त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेगळा सर्व्हर काढला. नियम लिहिलेले, परवानगीशिवाय प्रवेश नाही, त्रास देणाऱ्याला बाहेरचा रस्ता. गेम तोच होता, फक्त तिथे कसं वागायचं हे कुणीतरी आधी ठरवलं.

आपल्याकडे मी कॉलेजात होते तेव्हा नाक्यावरच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळणारी सगळी मुलंच असत. आम्ही मुली फॉर्म भरायला जायचो आणि निघायचो. स्वस्त डेटा आला, फोन हातात आला आणि ती दारातली नजर संपली. आता एखादी मुलगी रात्री पांघरुणात गेम खेळताना दिसली तर 'वेळ वाया घालवतेय' असं म्हणण्याआधी तिला विचारून बघा, तिथे ती कोण आहे. कदाचित ती हीलर असेल. कदाचित दिवसभरात पहिल्यांदाच तिच्यावर राज्य आलेलं असेल.

आणि मग पुढचा प्रश्न स्वतःला विचारा. नियम नीट सांगणं, उत्तराला वेळ देणं, चुकल्यावर दुसरा डाव देणं, काम नावासकट वाटून देणं, यातल्या एकाही गोष्टीला कॉम्प्युटर लागत नाही. वर्गात, ऑफिसात, घरात ती आपल्याला का जमत नाहीत?