सुट्या अक्षरांतून शब्द

1676 साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या एका पुस्तकाच्या शेवटी चौदा सुटी अक्षरं छापली : सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू आणि व्ही. स्प्रिंगचा नियम त्याला गवसला होता, पण तो एवढ्यात कुणाला सांगायचा नव्हता. उद्या दुसऱ्या कुणी हक्क सांगितला, तर शोध आधी आपण लावला हे दाखवण्याची सोयही हवी होती. म्हणून त्याने नियमाचं लॅटिन वाक्य मोडलं आणि त्यातली अक्षरं वर्णक्रमाने मांडून ठेवली. दोन वर्षांनी वाक्य जाहीर झालं : 'उट टेन्सिओ, सिक विस', जसा ताण तसं बल. शनीच्या कड्याचा शोध ख्रिस्तियान हायगेन्सने 1656 मध्ये असाच अक्षरांत कोंडला होता.

वर्णक्रम लावला की मूळ वाक्याचा मागमूस उरत नाही, म्हणून ही युक्ती लपवण्याच्या कामाची. तीच पुढे इंग्रजी शब्द हुडकण्याची सर्वांत भरवशाची वाट ठरली, आणि ती पाडली ती मुख्यतः एका खेळाने.

आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्कचा वास्तुविशारद. महामंदीत त्याची नोकरी गेली. हातात वेळ होता आणि डोक्यात एका शब्दखेळाची कल्पना. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे ठरवायला त्याने वर्तमानपत्रांची पानं घेतली आणि एकेक अक्षर हाताने मोजलं. हाच खेळ पुढे स्क्रॅबल झाला. त्याच्या आजच्या शंभर ठोकळ्यांत ई बारा आहेत, क्यू आणि झेड एकेकच, ते या मोजणीमुळे. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले. नाहीतर जो तो शब्दाला एस जोडून अनेकवचनं करत बसला असता. भाषेचा इतका बारीक हिशेब एका बेकार माणसाने कागद-पेन्सिल घेऊन केला, ही गोष्ट खेळाच्या यशापेक्षा मोठी वाटते.

यश उशिरा आलं. बट्सचा खेळ आधी 'लेक्सिको' होता, मग 'क्रिस-क्रॉसवर्ड्स'. खेळण्यांच्या कंपन्यांनी तो नाकारला. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो नावाच्या गृहस्थाने त्याला स्क्रॅबल हे नाव दिलं आणि कनेटिकटमध्ये हाताने संच बनवायला घेतले. 1949 मध्ये 2,400 संच झाले आणि साडेचारशे डॉलरचा तोटा. 1952 मध्ये मेसीज या बड्या दुकानाने माल मागवला आणि पुरवठा मागणीला पुरेना.

घरी खेळताना कुटुंबाचा शब्दकोश पुरतो. स्पर्धेत मात्र अमुक शब्द ग्राह्य की नाही, यावरून वाद पेटायचे. 1978 मध्ये मेरियम कंपनीने अमेरिकी खेळाडूंसाठी खास कोश काढला, आणि शब्दांची हद्द ठरली. हद्द ठरली म्हणजे पाठांतर शक्य झालं. पण कसं पाठ करायचं?

स्क्रॅबलमध्ये खेळाडूच्या हाती सात ठोकळे असतात, आणि सात वेगवेगळी अक्षरं 5,040 प्रकारे मांडता येतात. शब्दकोश पहिल्या अक्षरापासून चालतो. हातात सुटी अक्षरं असताना पहिलं कुठलं, हेच तर ठाऊक नसतं. मुरलेले खेळाडू त्यामुळे उलट बाजूने जातात. समोरच्या पट्टीवर ठेवलेली अक्षरं ते आधी वर्णक्रमाने लावतात. या मांडणीला ते अल्फाग्राम म्हणतात. अक्षरं कुठल्याही क्रमाने हाती येवोत, अल्फाग्राम तोच. आणि त्याच्याशी जोडलेले शब्द आधीच पाठ असतात. ओ, पी, एस, टी दिसले की स्टॉप, पोस्ट, पॉट्स, स्पॉट, टॉप्स, ऑप्ट्स एकदम आठवतात. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं आली तर नॅस्टियर, रिटेन्स, स्टेनर, रेटिनाज, रेट्सिना असे कितीतरी, आणि सातही ठोकळे एकदम लावल्याचे पन्नास जादा गुण.

संगणकवाल्यांनाही हीच चावी सापडली. बेल लॅब्जच्या जॉन बेंटलीने 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या 1986 च्या पुस्तकात ती फार सुंदर समजावली आहे : प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून त्या शब्दाची सही तयार करा, मग सगळे शब्द सहीनुसार लावा, एकाच अक्षरांचे शब्द आपोआप शेजारी येतात. आज फोनवर अक्षरं टाकताच शब्दांची यादी देणारी अनेक साधनं याच तत्त्वावर उभी आहेत. पटावर मात्र एवढ्याने भागत नाही, कारण तिथे आधीच्या शब्दांना जोडून लिहावं लागतं. अँड्र्यू अ‍ॅपल आणि गाय जेकबसन यांनी 1988 मध्ये अख्खा कोश एका जाळ्यात बसवला. त्यात समान सुरुवाती आणि समान शेवट एकदाच साठवले जातात, त्यामुळे संगणक कुठलीही फसवी वाट दोन-तीन अक्षरांतच सोडून देतो. 2006 मध्ये टोरंटोत क्वॅकल या प्रोग्रॅमने माजी विश्वविजेत्या डेव्हिड बॉइसला हरवलं.

त्यानंतरच्या वर्षी, 2007 मध्ये, स्क्रॅबलची विश्व अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. जिंकला न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. इंग्रजी ही त्याची मातृभाषाच. पण शब्द ओळखायला अर्थ लागतच नाही, हे त्याने पुढे ज्या रीतीने दाखवलं तसं कुणी दाखवलं नव्हतं. फ्रेंच बोलता येत नसताना त्याने फ्रेंच शब्दांची यादी सुमारे नऊ आठवडे पाठ केली आणि 2015 मध्ये बेल्जियममध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. 2024 मध्ये स्पॅनिशचंही. काही जण याला निव्वळ घोकंपट्टी म्हणतात. ते अन्यायाचं आहे. कोणती अक्षरं एकमेकांशेजारी राहतात, कोणती कधीच राहत नाहीत, शब्द कुठे वळतो आणि कुठे संपतो, ही भाषेची जाणच आहे. बट्स वर्तमानपत्रातली अक्षरं मोजत होता, तो याच जाणिवेच्या शोधात.