लोणार सरोवर : क्षारसंपत्ती ते संरक्षित पाणथळ

प्रस्तावना : महाडजवळील सावित्रीच्या खाडीत भरतीबरोबर आलेले खारे पाणी ओहोटीबरोबर परत जाते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातून मात्र एकही प्रवाह बाहेर पडत नाही. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. या खारेपणाकडे पाहण्याची मानवी दृष्टी कशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा आणि गावातील दैत्यसूदन मंदिर यांवरून खारेपणाचा पहिला अर्थ पुराणकथेतून लावला गेल्याचे दिसते. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त येथील काच व साबणासाठी उपयुक्त द्रव्यांचा उल्लेख आहे. दल्ला, पापडी, भुसकी ही क्षारांची स्थानिक नावे या व्यवसायाची साक्ष देतात. इ. स. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्याची निर्मिती उल्काघातातून झाल्याचे १९७३ च्या संशोधनाने स्पष्ट केले.

जीवसृष्टी : सुमारे १० सामू असलेल्या या पाण्यात नील-हरित शैवाल व क्षारप्रिय सूक्ष्मजीव विपुल वाढतात. काठावर मात्र ‘धार’सारखे गोड्या पाण्याचे झरे असून उतारावर पानझडी वन आहे. तेथे मोर, वानर व घोरपड आढळतात. खारे व गोडे पाणी असे शेजारी असणे, हेच येथील जैवविविधतेचे वैशिष्ट्य होय.

संरक्षण : २००० साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा बदल घडल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून दिसून आले. त्याच वर्षी सरोवरास रामसर दर्जा प्राप्त झाला.

निष्कर्ष : पूर्वी क्षार काढून नेले जात, आता गावातील सांडपाणी व शेतातील रसायने आत येण्याचा धोका आहे. गोड्या पाण्याचा ओघ वाढल्यास क्षारता घटते आणि तीवर जगणारी सृष्टीही संकटात येते. अन्य तलावांचे संवर्धन म्हणजे पाणी पिण्याजोगे राखणे. लोणारचे संवर्धन म्हणजे ते खारेच राखणे होय. म्हणून केवळ क्षेत्राची सीमा आखून भागणार नाही. सरोवरात येणाऱ्या पाण्याचे नियमन हाच संरक्षणाचा गाभा ठरावा.