राबाची राख आणि भाताचें रोप

पेणहून रोह्याकडे वैशाखांत जावें तों डोंगराच्या पायथ्याशीं खाचरांचे कांहीं तुकडे काळे पडलेले आजहि कोठें कोठें दिसतात. तो राब. शेण, त्यावर ऐनाची टहाळी, त्यावर गवत व पाचोळा, आणि सर्वांवर बारीक मातीचा थर रचून वाऱ्याच्या उलट बाजूनें पेट द्यावयाचा, म्हणजे आग भडकत नाहीं, धुमसत राहते. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें आजोळ या मुलखांत आहे त्यांस तो वास सांगावयास नको. देशावरील शेतकऱ्यास मात्र हा शुद्ध उधळेपणा वाटतो. जें कुजवून खत करावयाचें तें जाळून टाकावें, हें कसलें शहाणपण?

इंग्रजी अमदानींतील जंगलखात्याचें मतहि याहून फारसें निराळें नव्हतें. जंगलें राखीव झालीं, टहाळ तोडण्यास आडकाठी आली, आणि ठाणें व कुलाबा (म्हणजे १९८१ पासूनचा रायगड) या जिल्ह्यांत एवढी ओरड झाली कीं १८८५ मध्यें सरकारास चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. रयतेचें म्हणणें एवढेंच होतें, कीं राबावांचून रोप होत नाहीं. तें खरें कां, हें रसायनशास्त्राच्या भाषेंत सांगणें तिच्या हातीं नव्हतें; आणि ज्यास कारण सांगतां येत नाहीं तो अडाणी, असें ठरविण्याची साहेबलोकांची रीत होती. १८८९ मध्यें आलेले कृषिरसायनज्ञ डॉ. व्होल्कर हे त्यास सन्मान्य अपवाद. रयतेचें बोलणें निराधार नाहीं, असें त्यांस दिसून आलें. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजांत डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर यांच्यासह या प्रश्नाचा छडा लावण्यासाठीं प्रयोग केले. ते १९१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

खरी मौज येथें आहे. पाल्यांतील व शेणांतील नत्र धुरावाटे उडून जातें, ही टीकाकारांची गोष्ट खरीच. राखेंत पालाश, चुना, स्फुरद एवढेंच उरतें. परंतु आगीखालची माती तापते, तिच्यांतील सूक्ष्म जंतु बऱ्याच अंशीं मरतात, आणि मातीच्याच सेंद्रिय द्रव्यांत अडकलेलें नत्र अमोनियाच्या रूपानें मोकळें होतें. त्या अमोनियाचें नायट्रेट करणारे जंतूहि मेलेले असल्यामुळें तें कांहीं आठवडे तसेंच राहतें. आणि अमोनिया चिकणमातीस धरून बसतो, नायट्रेट पावसाबरोबर वाहून जातें. आषाढाच्या सरी ज्यानें पाहिल्या आहेत त्यास या भेदाचें महत्त्व वेगळें सांगणें नको. रोपास भूक लागते ती पहिल्या तीन-चार आठवड्यांत, आणि नेमकें तेव्हांच त्याच्या मुळाशीं अन्न असतें. शिवाय तणाचें बीं जळतें तें निराळेंच. प्रश्न खत किती याचा नव्हताच. तें केव्हां पोहोंचतें याचा होता.

मग पेणच्या खारेपाटांत राबावांचून कसें चालतें, असें कोणी विचारील. तेथें मोड आणलेलें बीं, म्हणजे रहू, चिखलांत फेंकतात. रोप उपटून लावण्याचा प्रश्नच नसतो.

राबाची किंमत मात्र डोंगरांनीं दिली, हें आम्ही नाकारीत नाहीं. बोडके झालेले ऐन पाहून कोणासहि वाईट वाटेल. पुढें युरिया आला तरी वेळेचा प्रश्न सुटला नाहीं. भर पाण्यांत फोकलेल्या युरियाचा मोठा भाग वाया जातो. म्हणून कोंकणांतील कृषि विद्यापीठ नत्राचे तीन हप्ते सांगतें: शेंकडा ४० लावणीस, ४० फुटव्यांच्या वेळीं, आणि २० फुलोऱ्याच्या सुमारास. शेवटला हप्ता दाण्यासाठीं. त्यानें दाण्यांतील प्रथिन वाढतें. एकदम सारें दिलें तर पीक हिरवेंगार दिसतें, मग करपा पडतो, आणि उरलेलें वाऱ्यानें लोळतें.

डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत आम्हांस याहून चतुर वाटते. तींत युरिया व डीएपी यांची पावणेतीन ग्रॅमच्या आंतबाहेरची गोळी लावणीच्याच दिवशीं चार चुडांच्या मध्यें अर्ध्या वितीपेक्षां थोडी कमी खोल खोंचतात. त्या खोलीवर प्राणवायु नाहीं, म्हणून तेथेंहि अमोनियाचें नायट्रेट होत नाहीं. राबांत आगीनें जें साधे तें येथें चिखल साधतो.